गोलकीपर तेव्हा बॉल हातात घ्यायचा

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"माझं वय ४८. माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. लग्नानंतर पुण्यात. आबा फुटबॉलवेडे होते. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून मला सायकलच्या दांडीवर बसवून शाहू स्टेडियमला न्यायचे. शेंगा खात पायऱ्यांवर बसायचं आणि आबा ओरडले की आपणही ओरडायचं, एवढंच मला कळायचं. १९९० चा वर्ल्ड कप मी बारा वर्षांची असताना शेजारच्या काकूंकडे टीव्हीवर पाहिला. कॅमेरूनच्या रॉजर मिलाने गोल करून मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जो नाच केला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी नळावर बादली भरता भरता करून दाखवला. आई ओरडली, 'लोकं बघायलीत!' तेव्हापासून दर चार वर्षांनी मी वर्ल्ड कप बघते. मधल्या काळात काही बघत नाही. खेळाडूंची नावं लक्षात राहत नाहीत, ऑफसाइड आजही नीट सांगता येत नाही. आबा २०२० साली गेले.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, लिव्हरपूलचा भक्त. शनिवारी संध्याकाळी तो मॅच लावून बसला की त्याच्या शेजारी बसावंसं वाटतं. मागच्या महिन्यात मी सहज म्हटलं, 'आमच्या वेळी डिफेंडर बॉल मागे द्यायचा आणि गोलकीपर सरळ हातात उचलून घ्यायचा.' तो हसला. 'आई, असं कधी नसतं, तो फाउल आहे. तुला साधे नियम माहीत नाहीत आणि म्हणे फुटबॉल आवडतो. प्लास्टिक फॅन आहेस तू.' त्याचे मित्र बसले होते, तेही हसले. मीही चिडून बोलून गेले, 'तुझं लिव्हरपूल कुठं नि तू कुठं! ते गाव तरी बघितलंयस का?' दोन दिवस अबोला. मग मी फोनवरून लिव्हरपूलच्या खेळाडूंची नावं पाठ केली आणि जेवताना त्याला ऐकवली. त्यातला एक कधीच संघ सोडून गेला होता. तो पुन्हा हसला. आता तर वाटतं, माझी ती आठवणसुद्धा चुकीचीच असेल. मला फुटबॉल आवडतो असं म्हणायचा मला अधिकार आहे का? आणि त्याच्या शेजारी बसायला मी काय करू?"

– शिवाजी पेठेची लेक, पुणे

ताई,

आधी त्या गोलकीपरचं बोलू, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त तेच लागलं. तुमची आठवण खरी आहे. १९९० साली आपल्याच डिफेंडरने मागे दिलेला बॉल गोलकीपरला हातात उचलता येत होता. त्यात फाउल वगैरे काही नव्हतं. एका गोलने पुढे असलेला संघ शेवटची वीस मिनिटं हेच करत बसायचा. गोलकीपरने बॉल जवळच्या डिफेंडरकडे सरकवायचा, समोरचा फॉरवर्ड धावत आला की डिफेंडरने तो परत द्यायचा, गोलकीपरने उचलून छातीशी धरायचा, दोन टप्पे मारायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. इटलीतली ती स्पर्धा गोलांच्या बाबतीत फार कोरडी गेली: ५२ सामन्यांत ११५ गोल, म्हणजे एका सामन्याला सव्वादोनसुद्धा नाहीत.

या रडीच्या खेळाला कंटाळूनच १९९२ साली नियम बदलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल गोलकीपरने हाताने पकडला, तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक मिळू लागली. जुन्या नियमाखालची शेवटची मोठी स्पर्धा म्हणजे त्याच वर्षीचा युरो कप. युगोस्लाव्हियाला बाहेर काढल्यामुळे डेन्मार्कला ऐनवेळी बोलावणं आलं, आणि त्यांनी अंतिम सामन्यात जर्मनीला २-० हरवून कप नेला. डेन्मार्कच्या खेळाडूंनी त्या सामन्यात आपल्या गोलकीपरकडे, श्मायकेलकडे, किती वेळा बॉल मागे दिला, ते आजही जुन्या चित्रफितींत दिसतं. महिन्याभरात बार्सिलोनाचं ऑलिम्पिक आलं आणि तिथे नवा नियम लागू झाला.

म्हणजे तुमचा मुलगाही चुकला नाही. त्याने आयुष्यात जेवढा फुटबॉल पाहिला, त्यात तो फाउलच आहे. तुम्ही १९९० मध्ये जो खेळ पाहिला, तो त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी संपला. त्या स्पर्धेत साखळी सामना जिंकल्यावर दोनच गुण मिळायचे. तीन गुण १९९४ पासून. संघ होते २४. आणि बरोबरीच्या रेषेत असलेला फॉरवर्ड ऑफसाइड धरायचा नाही, हा बदल त्या स्पर्धेच्या तोंडावरच झाला होता. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. त्या घरात १९९० ची साक्ष देणारं माणूस तुम्ही एकट्याच आहात.

आणखी एक सांगते, कारण ते मला फार आवडतं. नियम बदलला म्हणून गोलकीपरना पायाने खेळायला शिकावं लागलं. आजचे गोलकीपर दबावाखालीसुद्धा शांतपणे पास देतात, तिथून संघाचा हल्ला सुरू होतो. लिव्हरपूलने २०१८ साली गोलकीपर अ‍ॅलिसनला घेतलं, ते काही नुसते शॉट अडवण्यासाठी नाही. ज्या आठवणीवर तुमचा मुलगा हसला, तिच्यातूनच त्याचा आवडता खेळ निघाला आहे.

आणि आबांचा नाचही त्याच धाग्यातला. २३ जून १९९०, नेपल्स, कॅमेरून विरुद्ध कोलंबिया. कोलंबियाचा हिगिटा हा गोलकीपर नियमाची सक्ती नसतानाच पायाने खेळायचा, गोल सोडून लांब पुढे यायचा. जादा वेळेत रॉजर मिलाने एक गोल केला होताच. त्यानंतर हिगिटा बॉल घेऊन पुढे आला, मिलाला चकवायला गेला, मिलाने तो पायातून काढून घेतला आणि मोकळ्या गोलात मारला. मिलाचं वय ३८. उपांत्यपूर्व फेरी गाठणारा कॅमेरून हा पहिला आफ्रिकी देश ठरला. आपल्याकडे तो सामना रात्री साडेआठला सुरू झाला होता, म्हणून तर बारा वर्षांच्या मुलीला काकूंकडे बसता आलं असणार. दुसऱ्या दिवशी रविवार. आबांना नळावर नाचायला वेळ होता.

आता अधिकाराचं.

ताई, हा शब्द तुमच्या लेखणीत आला कसा, त्याचंच मला वाईट वाटलं. भीमसेन जोशींचा अभंग रेडिओवर लागला की हातातलं काम थांबवून उभी राहणारी कितीतरी माणसं आपल्या घराघरांत होती. राग कुठला, ताल कुठला, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांना अभंग आवडत नव्हता असं कुणी म्हणालं का? फुटबॉलच्या बाबतीत मात्र अलीकडे प्रवेश परीक्षा निघाली आहे. चार खेळाडूंची नावं सांग, मागच्या मोसमात कितवा नंबर आला सांग, मग तुला आवडतो म्हण. ही परीक्षा पंधरा-सोळा वर्षांची मुलं घेतात तेव्हा ते मी समजू शकते. त्या वयात आपलं असं काहीतरी लागतं आणि त्याला कुंपण घालावंसं वाटतं. पण तुम्ही ती परीक्षा मान्य करून अभ्यासाला बसलात, तिथे मी तुमच्या बाजूने नाही. नावं पाठ करून ऐकवणं चुकलंच. नावं चुकली म्हणून नव्हे. सगळी बरोबर आली असती, तरी तो तुमचा फुटबॉल नव्हता. तुमचा फुटबॉल म्हणजे सायकलची दांडी, शेंगा, आबांचा आवाज आणि दर चार वर्षांनी महिनाभर जागवलेल्या रात्री. तो सोडून तुम्ही त्याच्या वहीतली उत्तरं म्हणायला गेलात, आणि ते त्याला लगेच कळलं. मुलांना हे फार लवकर कळतं.

तुम्ही "मधल्या काळात काही बघत नाही" असं अपराध्यासारखं लिहिलं आहे. मला त्या मधल्या काळाविषयी थोडं बोलायचंय. १९९४ च्या फायनलला तुम्ही सोळा वर्षांच्या. अमेरिकेतला दुपारचा सामना, आपल्याकडे मध्यरात्री एक वाजता सुरू. इटलीच्या बॅजिओने पेनल्टी गोलावरून मारली तेव्हा पेठेतली किती मुलं रस्त्यावर आली असतील! तुम्हाला जाता आलं होतं का? तुमच्या वयाच्या मुलांना शाहू स्टेडियम मोठेपणीही तसंच राहिलं. मुलींना दांडीवर बसण्याचं वय संपलं की तेही संपलं. मग लग्न, मग घरातला टीव्ही आणि त्याचा रिमोट कुणाच्या हातात असतो हा प्रश्न, मग मुलाच्या शाळेचा डबा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, मी माझ्या पदरचं लिहिते आहे, आणि चुकत असेन तर मला जरूर कळवा. पण माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या आवडींची गोष्ट मी अशीच ऐकली आहे. पुरुष कधीतरीच मॅच बघत असेल तर ती त्याची निवड असते. बाईच्या वाट्याला बऱ्याचदा तेवढीच उरलेली असते. चार वर्षांतून एकदा का होईना, ती तुम्ही पस्तीस वर्षं सांभाळलीत. मला तो कमीपणा वाटत नाही.

तुमच्या मुलाच्या लाडक्या शहरातच याचा एक मोठा दाखला आहे. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलमधल्या गुडिसन पार्क मैदानावर बायकांचा सामना झाला. प्रेस्टन गावच्या एका कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ खेळत होता, डिक कर लेडीज नावाचा. ५३ हजार माणसं बघायला आली, आणखी कितीतरी बाहेरून परत गेली. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना बायकांच्या सामन्यांसाठी मैदानं द्यायला बंदी केली. ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. २०२५ मध्ये एव्हर्टनचा, म्हणजे लिव्हरपूलच्या शेजारच्याच प्रतिस्पर्धी क्लबचा, पुरुषांचा संघ नव्या स्टेडियममध्ये गेला आणि तेच गुडिसन पार्क आता त्यांच्या महिला संघाचं घर झालं आहे. तुमचा मुलगा एव्हर्टनचं नाव ऐकून नाक मुरडेल. मुरडू दे, पण ही गोष्ट त्याने ऐकावी असं मला वाटतं.

कधीतरी बघणाऱ्या माणसांची खेळाला काय गरज, असं अजूनही तुमच्या मनात असेल तर माझा अनुभव सांगते. १ जून २०१८ ला अंधेरीच्या मैदानावर भारताचा सामना चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, झाला. भारत ५-० जिंकला, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि बघायला माणसं होती अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकून हात जोडून विनंती केली: आमच्यावर टीका करायला या, शिव्या द्यायला या, पण मैदानात या. युरोपातल्या क्लबांचे चाहतेही या, आमचा दर्जा तेवढा नाही हे आम्हाला माहीत आहे, तरी या. हे भारताचा कर्णधार बोलत होता. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. मी भाचीला घेऊन गेले. सोमवार होता, मुंबईत पाऊस धो धो कोसळत होता, मैदानात पाणी साचलेलं, आणि तिकिटं मात्र सगळी संपलेली. माझ्या शेजारी ऑफिसमधून थेट आलेल्या एक बाई होत्या. छेत्री सोडून एकाही खेळाडूचं नाव त्यांना माहीत नव्हतं, आणि ते त्या मला मोकळेपणाने सांगत होत्या. सामना भारताने ३-० जिंकला, दोन गोल छेत्रीचे. त्या बाई शेवटपर्यंत भिजत उभ्या राहिल्या. छेत्रीने बोलावलं होतं ते त्यांना आणि मला. जे दर सामन्याला येतच होते, त्यांना बोलवायची गरजच नव्हती.

आता मुलाकडे वळू, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. अधिकाराचं तुम्ही विचारलंत, पण पत्रातल्या प्रत्येक ओळीत त्याच्या शेजारची जागा दिसते.

"तुझं लिव्हरपूल कुठं नि तू कुठं" हे तुम्ही बोललात त्याबद्दल त्याची माफी मागा. स्पष्ट शब्दांत, मित्र नसताना. त्याने तुम्हाला जे म्हटलं, तेच तुम्ही त्याला म्हणालात: हे तुझं नाही, तू बाहेरचा. आबांचं कॅमेरून कुठं होतं? शिवाजी पेठेतल्या माणसाला नेपल्समधला गोल आपला वाटला आणि तो नळावर नाचला, तेव्हा त्याला कुणी गाव बघितलंय का असं विचारलं नाही. तुमच्या मुलाला लिव्हरपूल आपलं वाटतं, ते त्याच घराण्यातून आलेलं आहे. हे त्याला सांगितलंत तर माफीसुद्धा नीट पोचेल.

मग बॅकपासच्या नियमाचं सांगा. पण जिंकल्यासारखं सांगू नका. "बघ, मीच बरोबर होते" असा सूर लागला, की तो पुन्हा काहीतरी शोधून तुम्हाला चूक ठरवायला बसेल, आणि तुमचं घर म्हणजे रोजचा सामना होईल. "तू म्हणतोस ते १९९२ पासून खरं आहे, मी सांगत होते ते त्याच्या आधीचं" एवढं पुरे. जमलं तर १९९० चा एखादा जुना सामना दोघांनी मिळून बघा. पहिल्यांदा गोलकीपर बॉल हातात उचलेल तेव्हा तुम्ही काही बोलू नका. त्याला बोलू द्या.

ऑफसाइडही त्यालाच विचारा. मूळ गोष्ट अवघड नाही. आपला सहकारी पास देतो त्या क्षणी मी समोरच्यांच्या हद्दीत असेन, बॉलच्या पुढे असेन आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेन, आणि त्या जागेचा फायदा घेऊन खेळात आले, तर ऑफसाइड. शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपर असतो, म्हणून डोळा ठेवायचा तो शेवटच्या डिफेंडरवर. बॉल पोचला तेव्हा मी कुठे होते याला महत्त्व नाही, पायातून सुटला तेव्हा कुठे होते याला आहे. बस. पण हे माझ्याकडून वाचून त्याला म्हणून दाखवू नका. ताटात शेंगदाणे मांडून तो समजावेल तेव्हा त्याला जो आनंद होईल, तो बुडवू नका. प्रश्न मात्र हाफ टाइममध्ये विचारा. खेळ चालू असताना "हा कोण, तो कोण" सुरू झालं की कुणाचंही डोकं फिरतं, आबांचंही फिरलं असतं.

आणि दर शनिवारी बसू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला मित्रांबरोबर, आईशिवाय ओरडायचंही असतं. महिन्यातून एक मॅच तुमची, हे आधी ठरवून घ्या, आणि त्या दिवशी त्याचा पाहुणा असल्यासारख्या बसा. झोप आली तर उठून जा. त्याने जर्सी घ्यायचा आग्रह केला तरच घ्या.

हे झालं त्याच्या अंगणात जाणं. त्याला तुमच्या अंगणातही न्यायला हवं, आणि ते काम लवकर करा. मोसम चालू असताना एक शनिवार-रविवार काढून त्याला कोल्हापूरला घेऊन जा. आजी किंवा मामाकडे जाऊन जेवून परत, असं नको. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पूर्ण सामना बसवा. जिथे कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले असं गाव त्याने पाहिलेलं नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ही नावं त्याने मैदानात, हजारो गळ्यांतून ऐकायला हवीत. तिथे शेजारी बसलेला माणूस राइट बॅक कुणाचा भाचा आहे, त्याचा बाप कुठल्या संघातून खेळायचा, सहा महिन्यांपूर्वी त्याचा गुडघा कसा दुखावला, हे सगळं सांगेल. तुमच्या मुलाला लिव्हरपूलच्या राइट बॅकबद्दल जेवढं ठाऊक आहे त्यापेक्षा हे जास्त असेल, आणि ते कुठल्याही ॲपवर मिळणार नाही. कोल्हापुरात याला नाद म्हणतात. वर्ल्ड कप आला की त्याच पेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, चौकाचौकांत फलक उभे राहतात. गल्लीतल्या संघासाठी घसा बसवणारी माणसं महिनाभर दक्षिण अमेरिकेसाठी भांडतात. २०१७ साली सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हेही त्याला सांगा. वर्ल्ड कप खेळलेला मुलगा आईच्या गावचा आहे, हे त्या वयात फार मोठं असतं.

पेठापेठांतली ईर्ष्या बघितली की त्याला त्याचं लिव्हरपूलही वेगळं दिसेल. त्याचा क्लब जन्माला आला तो शेजारच्या भांडणातूनच. अ‍ॅनफिल्डवर (आज ते लिव्हरपूलचं मैदान) आधी एव्हर्टन खेळायचं. मैदानाच्या भाड्यावरून आणि कारभारावरून वाद पेटला, एव्हर्टन उठून बागेच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेलं, आणि रिकाम्या मैदानासाठी १८९२ साली नवा संघ काढला, तो लिव्हरपूल. एका मैदानावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं, इतकी ती जवळ. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

जाताना एक काळजी घ्या. तिथे बायकांची संख्या अजूनही कमी असेल आणि चुरशीच्या सामन्याला वातावरण तापतं. नात्यातलं कुणीतरी नेहमी जाणारं असेल तर त्यांना बरोबर घ्या, पहिल्यांदा जाताना दोन मोठ्या संघांचा अंतिम सामना न निवडता साखळीतला एखादा निवडा. पण जा. "आता या वयात तिथे काय बसायचं" असं कुणी म्हणालं तर सांगा, माहेरच्या उंबऱ्यावर लेक दहा वर्षांनी आली तरी तिला कुणी कोण तू म्हणून विचारत नाही.

आणि वर्ल्ड कप. ११ जून २०२६ ला तो मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर सुरू होतो. तेच मैदान, जिथे १९८६ साली मॅराडोनाने इंग्लंडचे पाच-सहा जण मागे टाकून गोल केला होता. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून तीन देश, ४८ संघ, १०४ सामने. तुम्ही १९९० मध्ये पाहिलेल्या स्पर्धेच्या बरोबर दुप्पट संघ आणि दुप्पट सामने. सगळे बघायचं मनात आणू नका. आपल्याकडे बरेचसे मध्यरात्री आणि पहाटे येतील, मुलाची अकरावीची गडबड असेल, तुम्हाला सकाळी उठायचं असेल. १९ जुलैची फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला, म्हणजे २० तारीख लागल्यावर सुरू होईल. ती त्याच्याबरोबर बघा. शेंगा भाजून ठेवा.

शेवटचं एक विचारायचं राहिलं. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पण आबा कुणासाठी ओरडायचे ते लिहिलं नाहीत. शिवाजी पेठेतला माणूस म्हणजे शिवाजी तरुण मंडळ की खंडोबा तालीम? की पेठेतला असूनही तिसऱ्याच कुणाचा? उत्तर आधी मुलाला सांगा. मला नंतर कळवलंत तरी चालेल.